माळीकाम आणि कंबरदुखी



मोगलकालीन हिमायत बाग असो वा सिद्धार्थ उद्यान, शहराची हिरवाई राखणारे हात दिवसभर ओणव्याने राबतात. पिशव्या भरणे, खुरपणी, ओल्या मातीच्या कुंड्या उचलणे, कंबर धरणारच. हातावर पोट असणाऱ्यास अंथरुणावर पडून राहणे परवडत नाही, आणि वैद्यकीय मतानुसार बहुधा ते हितकारकही नाही. झेपेल तितकी हालचाल ठेवल्यास साधे दुखणे बहुतांशी सहा आठवड्यांत ओसरते. मात्र पायांतील शक्ती गेली वा लघवीवरील ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मी वाणिज्य शाखेचा, हिशेबच मांडतो. कमरेच्या पट्ट्यांवरील खर्चापेक्षा पिशव्या भरण्यास कमरेएवढे उंच टेबल अधिक लाभाचे. आपल्या परिचयाच्या रोपवाटिकेस असे एक टेबल द्यावे, ही विनंती.