दूरचित्रवाणीचा आवाज कोणत्या वाटेनें न्यावा?

दूरचित्रवाणीचा संच जसजसा पातळ होत गेला, तसतशी त्यांतील ध्वनिक्षेपकांची जागा आटत गेली. त्यांचीं तोंडें मागें अथवा खालीं वळलीं. चित्र भिंतीएवढें झालें. परंतु घरांतील वृद्धांस संवाद नीट ऐकूं येईनात. मग निराळा ध्वनिसंच घरीं येतो, आणि तो कोणत्या वाटेनें जोडावा हा प्रश्न उभा राहतो.

सर्वांत जुनी वाट तांबड्या-पांढऱ्या टोंकांच्या तारांची. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ह्या संस्थेनें १९३० नंतरच्या दशकांत हें टोंक प्रचारांत आणलें. म्हणून त्यास 'आरसीए' म्हणतात. हिच्यांतून डावा आणि उजवा असे दोनच प्रवाह जातात, आणि विजेच्या तारांचें सान्निध्य झाल्यास गुणगुण शिरते.

दुसरी वाट प्रकाशाची. तोशिबा कंपनीनें ती १९८३ मध्यें आणली. येथें ध्वनीचे आंकडे तांबड्या प्रकाशाच्या उघडझांपींतून धांवतात. त्यामुळें विजेची गुणगुण मुळींच नाहीं. दोन प्रवाह ती निर्भेळ नेते. सहा प्रवाह न्यावयाचे तर ते दाबून, संक्षिप्त करूनच नेते.

तिसरी 'एचडीएमआय'ची. २००९ मध्यें तिला ध्वनि परत नेण्याची सोय मिळाली. तिचें नांव 'एआरसी'. २०१७ मध्यें 'ईएआरसी' ही तिची विस्तृत आवृत्ति आली. ती सेकंदास ३७ मेगाबिटपर्यंत भार वाहते आणि अनेक प्रवाह न दाबतां नेते. मात्र दोन्ही यंत्रांत ती सोय हवी. एकांत नसेल तर जुन्या 'एआरसी'वरच भागवावें लागतें. चौथी वाट बिनतारी ब्लूटूथची. ती सोयीची खरी, पण पुष्कळदां ओठ आधीं हलतात आणि शब्द मागाहून येतात.

मग निवड कशी करावी? बातम्या आणि मालिका दोन ध्वनिक्षेपकांवर ऐकावयाच्या असतील, तर प्रकाशाची तार आणि 'एआरसी' ह्यांतील भेद कानास क्वचितच कळेल. तो हातास कळतो. 'एआरसी'नें जोडलेला ध्वनिसंच बहुधा दूरचित्रवाणीच्याच रिमोटनें लहानमोठा होतो. प्रकाशाच्या तारेस आज्ञा वाहतां येत नाहींत, म्हणून बहुधा दुसरा रिमोट लागतो. दुपारीं घरांत एकट्या असणाऱ्या आजींस हा भेद फार मोठा आहे. दोन रिमोटांच्या घोटाळ्यापेक्षां त्या संच बंद ठेवणेंच पसंत करतात.

तेव्हां जेथें शक्य तेथें 'एआरसी' निवडावी. तार 'एआरसी' असें लिहिलेल्या छिद्रांतच घालावी, आणि संचाच्या मांडणींत बाहेरचा ध्वनिक्षेपक निवडावा. बहुतेक घरांतील मौनाचें कारण ह्या दोहोंतच सांपडतें. मग रिमोट आजींच्या हातीं देऊन, आवाज त्यांचा त्यांना वाढवितां येतो कीं नाहीं, एवढें पाहावें.