सर्वकालीन महान खेळाडूंचा ड्राफ्ट : बेसबॉलचा संघ निवडायचा कसा?



आजचा खेळ काल्पनिक आहे, पण त्यातला प्रश्न खरा आहे. समजा, बेसबॉलच्या दीडशे वर्षांतले सगळे खेळाडू तुमच्यासमोर रांगेत उभे आहेत. सगळे धडधाकट, सगळे ऐन भरात. तुम्हाला त्यांतून एक संघ बांधायचा आहे आणि तुमच्यासोबत आणखी अकरा जण आपापला संघ बांधायला बसले आहेत. तुम्ही पहिलं नाव कुणाचं घ्याल?

ब्रॅडमन मोठा की तेंडुलकर, हा वाद आपण सगळ्यांनी कधी ना कधी घातलेला आहे. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा की बंगळुरूला, चार मराठी माणसं जमली की तो निघतोच. तो वाद मिटत नाही, कारण त्याला नियमच नसतात. अमेरिकेतल्या बेसबॉलवेड्यांनी तशाच वादाला नियम लावले आणि त्याचा खेळ केला. त्याचं नाव फँटसी ड्राफ्ट. आपल्याकडे फँटसी म्हटलं की पैसे लावायची अ‍ॅप डोळ्यांसमोर येतात. मी त्यांच्याबद्दल बोलत नाहीये. मी बोलतोय ते आकडे, आठवणी आणि डोकं लावून खेळायच्या खेळाबद्दल.

याची सुरुवात थोडक्यात सांगतो. १९६१ मध्ये हॅल रिचमन यांनी स्ट्रॅट-ओ-मॅटिक नावाचा खेळ बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्यावर त्याच्या कामगिरीनुसार आकडे आणि सोबत फासे. फासा टाकायचा, कार्ड बघायचं, चेंडू कुठे गेला ते कळतं. पुढे १९८० मध्ये डॅनिअल ऑक्रेंट या पत्रकाराने आणि त्याच्या मित्रांनी वेगळा प्रकार सुरू केला. खऱ्या खेळाडूंची बोली लावायची आणि हंगामभर त्यांचे आकडे मोजायचे. ज्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये ही मंडळी जमायची त्याच्या नावावरून याला 'रोटिसरी लीग' म्हणू लागले. आजचं सगळं फँटसी विश्व याच मुळातून वाढलं. सर्वकालीन खेळाडूंचा ड्राफ्ट हे या दोन्हींचं अपत्य. निवड करायची ती रोटिसरीसारखी आणि सामने खेळवायचे ते फाशांवर किंवा संगणकावर.

आता निवड होते कशी ते बघू. बहुतेक ठिकाणी 'स्नेक ड्राफ्ट' असतो, म्हणजे सापासारखा वळणारा. पहिल्या फेरीत एक ते बारा असा क्रम, दुसऱ्या फेरीत उलटा, बारा ते एक. त्यामुळे ज्याला पहिली निवड मिळते त्याची पुढची निवड थेट चोविसावी आणि पंचविसावी. ज्याची पाळी बाराव्या क्रमांकावर आहे त्याला बारावी आणि तेरावी अशा दोन निवडी लागोपाठ मिळतात. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडणार आहे.

नवखा माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे विक्रमांची यादी उघडतो. होम रन : बॅरी बाँड्स ७६२, हँक एरन ७५५, बेब रूथ ७१४. पिचरचे विजय : साय यंग ५११. मग वरून खाली एकेक नाव घेत सुटतो. असं केलं की संघ हमखास फसतो. कारणं तीन आहेत.

पहिलं कारण, जागा. मैदानावर प्रत्येक जागेचा दुष्काळ सारखा नसतो. आउटफिल्डमध्ये रूथ, विली मेज, एरन, टेड विल्यम्स, मिकी मँटल, बाँड्स. तिथे महान खेळाडूंची गर्दी आहे. एक गेला तर दुसरा तितकाच भारी मिळतो. कॅचरकडे या. कॅचर म्हणजे ढोबळमानाने आपला यष्टिरक्षक, पण उकिडवं बसून सबंध सामना काढणारा. गुडघे जातात, बोटं मोडतात, बॅट जड होते. म्हणून जबरदस्त बॅटिंग करणारे कॅचर इतिहासात मोजकेच. जॉनी बेंचचे ३८९ होम रन, योगी बेराचे ३५८, माइक पियाझाचे ४२७. पुढे यादी झपाट्याने उतरते. दुष्काळी जागेचा उत्तम खेळाडू हा गर्दीच्या जागेच्या उत्तम खेळाडूपेक्षा मोलाचा असतो. एखादा खेळाडू किती मोठा आहे याइतकंच, तो हातचा गेला तर त्या जागी कोण उरतं, हेही मोजायचं.

हीच गोष्ट आकड्यांच्या प्रकारांची. रिकी हेंडरसनने कारकिर्दीत १,४०६ बेस चोरले. दुसऱ्या क्रमांकावरचा लू ब्रॉक आहे ९३८ वर. तुमच्या लीगमध्ये बेस चोरण्याला गुण असतील, तर हेंडरसन एकटा ते कलम जिंकून देतो. 'सेव्ह' म्हणजे शेवटच्या टप्प्यात येऊन आघाडी राखणाऱ्या पिचरचं श्रेय. हा आकडा अधिकृतपणे १९६९ पासून मोजला जातो. म्हणजे ६५२ सेव्हवाला मारियानो रिवेरा आणि ६०१ वाला ट्रेव्हर हॉफमन यांच्या तोडीचा माणूस जुन्या काळात शोधून मिळणार नाही, कारण ते कामच तेव्हा या स्वरूपात नव्हतं. उलट साय यंगचे ५११ विजय आजच्या पिचरला अशक्य, कारण तेव्हाचा पिचर दोन-तीन दिवसांआड पूर्ण सामना टाकायचा.

दुसरं कारण, काळ. हे मला सगळ्यात आवडतं. बेसबॉलमध्ये सरासरी म्हणजे दर हजार संधींत किती हिट. १९३० साली नॅशनल लीगमधल्या झाडून सगळ्या खेळाडूंची मिळून सरासरी होती ०.३०३. आता १९६८ ला या. त्या वर्षी अमेरिकन लीगचा फलंदाजीचा राजा कार्ल यास्ट्रेम्स्की. त्याची सरासरी ०.३०१. म्हणजे एका वर्षाचा सामान्य खेळाडू दुसऱ्या वर्षीच्या राजापेक्षा वरचढ! हे शक्य आहे का? अर्थातच नाही. चेंडू वेगळा होता, मैदानं वेगळी होती, पिचरचं वर्चस्व वेगळं होतं. १९६८ नंतर तर पिचर ज्या उंचवट्यावर उभा राहतो तो १५ इंचांवरून १० इंचांवर आणला, इतका तोल बिघडला होता.

म्हणून आकडा त्याच्या वर्षाशेजारी ठेवून बघायचा. १९६८ मध्ये बॉब गिब्सनने नऊ इनिंगमागे सरासरी १.१२ धावा दिल्या. २००० मध्ये पेड्रो मार्टिनेझने १.७४. वरवर पाहता गिब्सन पुढे. पण गिब्सनच्या लीगची सरासरी होती २.९९ आणि पेड्रोच्या लीगची ४.९१. भागाकार करून बघा. गिब्सनने लीगच्या सुमारे ३७ टक्के धावा दिल्या, पेड्रोने ३५ टक्के. धावांच्या पावसात उभं राहून पेड्रो कोरडा राहिला होता. बेब रूथचंही तसंच. १९२० मध्ये त्याने ५४ होम रन मारले. आज हा आकडा ऐकून कुणी खुर्चीवरून उठणार नाही. पण त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या बाकीच्या सातपैकी एकाही संपूर्ण संघाला एवढे होम रन जमले नव्हते. म्हणून पहिली निवड रूथ, याला माझी हरकत नाही.

तिसरं कारण मात्र वेगळ्या जातीचं आहे. ते खेळाचं नाही, नोंदवहीचं आहे.

१८८० च्या दशकानंतर अमेरिकेतल्या मुख्य लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना घ्यायचं नाही, असा अलिखित करार होता. कागदावर कुठे नव्हता, पण १९४७ पर्यंत तो कडेकोट पाळला गेला. या खेळाडूंनी आपल्या लीग उभ्या केल्या. १९२० मध्ये रूब फॉस्टर यांनी कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग स्थापन केली. शब्द त्या काळचा आहे, इतिहासाचं नाव म्हणून घेतो. पैसा कमी, हंगाम लहान. गोऱ्यांच्या लीगमध्ये संघ वर्षाला १५४ सामने खेळायचा, इकडे लीगचे सामने त्याच्या निम्म्याच्या आसपास, कधी त्याहून कमी. उरलेले दिवस बसने गावोगाव फिरून प्रदर्शनी सामने खेळायचे, कारण पोट त्यावर चालायचं. त्या सामन्यांची धड नोंद कोण ठेवणार?

या लीगमधला सगळ्यात मोठा फलंदाज जॉश गिब्सन. मघाच्या बॉबशी याचं नातं नाही, फक्त आडनाव एक. हा होमस्टेड ग्रेज संघाचा, आणि खेळायचा कुठल्या जागी? कॅचर. हॉल ऑफ फेममधल्या त्याच्या फलकावर, लीगचे आणि बाहेरचे सामने मिळून जवळपास ८०० होम रन असा उल्लेख आहे. पण लीगचे नोंदलेले सामने तपासले तर होम रन दोनशेही भरत नाहीत. २० जानेवारी १९४७ रोजी वयाच्या ३५ व्या वर्षी तो गेला. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि बंद दार उघडलं. मध्ये तीन महिनेही नव्हते.

सॅचेल पेजचं दार उघडलं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. १९४८ मध्ये क्लीव्हलंडने त्याला घेतलं आणि त्या वयात त्याने सहा सामने जिंकले, एक हरला. त्याचं मुख्य लीगमधलं कार्ड काढाल तर ते ४२ पासून सुरू होतं. तरुणपणीचा पेज त्यात नाही. तुम्ही केवळ ती यादी घेऊन ड्राफ्टला बसलात, तर त्या अलिखित करारावर नकळत तुमचीही सही होते.

टेड विल्यम्सला १९६६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हाच्या भाषणात त्याने पेज आणि गिब्सन यांची नावं घेतली आणि ज्यांना संधीच मिळाली नाही अशांनाही इथे जागा मिळावी, अशी आशा व्यक्त केली. पेजला १९७१ मध्ये मिळाली, गिब्सनला १९७२ मध्ये. आकड्यांना मात्र आणखी अर्धं शतक लागलं. २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ दरम्यानच्या सात निग्रो लीगना मुख्य दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये २,३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत नोंदीत सामील केले. त्या दिवशी कारकिर्दीतल्या सरासरीचा विक्रम बदलला. टाय कॉबचे ०.३६७ मागे पडले आणि जॉश गिब्सनचे ०.३७२ वर आले.

यावर आक्षेप येतो, आणि तो फालतू नाही. सामने कमी, थोड्या सामन्यांत सरासरी फुगते. बरोबर आहे. पण २०२० मध्ये साथीमुळे हंगाम फक्त ६० सामन्यांचा ठेवला गेला, तरी त्या वर्षीचे आकडे आपण विक्रमांत धरतो. दुसरं, हंगाम लहान होता तो बहिष्कारामुळेच. मग त्या लहानपणाची शिक्षा पुन्हा त्याच खेळाडूला का? आणि तिसरं, कॉब आणि रूथ यांचे आकडेही अर्धवट मैदानावरचेच आहेत. लीगच्या सामन्यात त्यांना पेजसारख्या पिचरसमोर उभं राहावं लागलं नाही. उणीव दोन्ही नोंदवह्यांत आहे. एकीतली दिसते, दुसरीतली दिसत नाही, एवढाच फरक.

आता हिशोबाला बसू. तुमची पाळी बाराव्या क्रमांकावर आहे असं धरा. बारावी आणि तेरावी निवड लागोपाठ तुमची. मी असेन तर जॉश गिब्सन आणि होनस वॅग्नर घेईन. वॅग्नर शॉर्टस्टॉप, ही दुसरी दुष्काळी जागा. आठ वेळा लीगमधला सरासरीचा राजा, वर सातशेहून जास्त चोरलेले बेस. गिब्सन कॅचर. दोन कठीण जागा एका दमात भरल्या. पुढच्या पाळीपर्यंत आउटफिल्डर शिल्लक असतीलच. गिब्सनला घेण्यात उपकाराचा भाग नाही. त्याची सरासरी हवी तर चाळीस अंकांनी कापा. ०.३३२ उरते. पियाझाची ०.३०८ आहे, आणि बॅटिंगच्या बाबतीत कॅचरमध्ये त्याचं नाव आदराने घेतात. कापूनही गिब्सन पुढेच आहे.

शेवटी, ड्राफ्टच्या आधी पाच गोष्टी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. एक, कारकीर्द धरायची की एकच सर्वोत्तम हंगाम. दोन, आकडे त्या त्या वर्षाच्या सरासरीशी ताडायचे की तसेच घ्यायचे. तीन, रूथसारखा दोन्ही करणारा खेळाडू फलंदाज म्हणून मोजायचा की पिचर म्हणून. त्याच्या नावावर पिचर म्हणून ९४ विजय आहेत. चार, निग्रो लीगचे आकडे धरायचे, आणि लहान हंगामाचं प्रमाण कसं लावायचं. पाच, वाद झाला तर निकाल कोण देणार.

चौथा नियम लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागेल. लागू द्या. त्या वेळात तुमच्यातलं कुणीतरी विचारेल, हा जॉश गिब्सन कोण? त्याला नीट सांगा. घाई करू नका, फासे कुठे पळून जात नाहीत.

तुमचा संघ कसा झाला ते मला जरूर कळवा.