‘कदाचित’ खोडू नका

पदवीधर मुला-मुलींनो,

तुमचं अभिनंदन. लवकर आटोपतो असं कुलसचिवांना कबूल केलंय. पण मी पाण्याच्या खात्यातला माणूस, बोलायला लागलो की आटत नाही.

लातूर-नांदेडच्या शिवारांत विहिरी-बोअरच्या जागा दाखवण्यात माझी सारी नोकरी गेली. पण पहिला मान पाणाड्याचा. तळहातावर नारळ आडवा धरून तो शेतभर फिरणार. नारळ ताडकन उभा राहिला की तिथं खूण. “देवी सांगते, शंभर फुटांवर धार आहे.” मी जमिनीत सळया रोवून, काळ्या पाषाणातल्या भेगांचा अंदाज घेऊन म्हणायचो, “कदाचित लागेल.” एक म्हातारबा म्हणाले, “सायब, तुमालाच खात्री न्हाई, तर म्या कर्ज कशाला काढू?” बोअर कोरडा गेला, तर पाणाड्याचं काहीच बिघडत नसे, कुणाचा तरी विटाळ झालेला असायचा. आमचा गेला की तक्रार थेट तहसीलला! आमचे एक वरिष्ठ अहवालातलं ‘कदाचित’ लाल पेनानं खोडायचे. स्वतःच्या शेतात मात्र त्यांनी नारळवालाच बोलावला.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, आणि पहाटे चारच्या आत भूकंपानं लातूर जिल्ह्यातला किल्लारी परिसर हादरला. दगडमातीच्या भिंती आणि वरची मातीची माळवदं झोपलेल्यांवर बसली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पुढं जो तो कारण सांगू लागला : पाप वाढलं, देव कोपला. मदतीच्या तंबूत एक बाई सांगत होती, “देवीनं हाक मारून उठवलं म्हणून वाचले.” शेजारी तिची जाऊ. ती एवढंच म्हणाली, “मंग माझ्या लेकरांला का नाही मारली हाक?” मराठवाड्यात याहून मोठा प्रश्न मी ऐकलेला नाही.

आमची भूशास्त्राची पुस्तकंही कमी ठाम नव्हती. दख्खनचं पठार स्थिर, असं आम्ही घोकलेलं. १९९२ मध्येच किल्लारीला धक्के बसत होते, तरी ती समजूत हलली नाही.

ठाम मत कसं तपासून घ्यावं, हे दाखवणारे नरहर कुरुंदकर याच नांदेडात होते, पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. उघड नास्तिक, पण मनुस्मृतीवर लिहायचं तर ती ओळन्‌ओळ वाचून. आजकाल न वाचता मानणारे आणि न वाचता नाकारणारे, दोघेही सारख्याच जोरात बोलतात. मी स्वतः तुळजापूरला जातो, कुळधर्मही करतो. पण देवीचा निरोप मलाच मिळाला म्हणणारा भेटला, की त्या जावेचा प्रश्न त्याच्यापुढं ठेवतो.

उद्या तुम्हीही अहवाल लिहाल, निदान कराल, वर्गात शिकवाल. जिथं खात्री नाही तिथं ‘कदाचित’ लिहा. साहेबांनी खोडलं, तर पुन्हा लिहा.