चुगली आणि तक्रार



मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते तेव्हा लोह्याकडून जाणाऱ्या नांदेड-लातूर रस्त्यावर माणसाजनावरांची दाटी होते. उसाचा हंगामही त्याच सुमारास. मागे दिवा नसलेली ट्रॉली आणि तिला ओलांडताना समोरच्याच्या अंगावर येणारी जीप कोणी पाहिलेली नाही? पाहणारा पुटपुटतो आणि गप्प बसतो. चालक बहुधा पाहुण्यारावळ्यांतला. त्याचे नाव सांगणे म्हणजे चुगली! तोच माणूस पुढे अपघात झाला की हातचे काम टाकून जखमींना उचलायला धावतो.

वस्तुतः चालकाचे नाव सांगण्याची गरजच नाही. गाडीचा क्रमांक, ठिकाण आणि वेळ पुरेशी आहे. क्रमांकावरून मालक सापडतो, आणि गाडी कोण चालवीत होता हे पोलिसांना सांगणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे मालकाला बंधनकारक आहे. धोकादायक रीतीने वाहन हाकणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. धोका समोर दिसत असेल तर ११२ क्रमांक आहेच.

भावकीच्या वैरातून खोट्या तक्रारीही होतील, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे. चालक प्यालेला होता की नाही, हे पोलिसांच्या यंत्राला ठरवू द्यावे. पोलिसांनीही तक्रारदाराचे नाव ठाण्याबाहेर जाऊ देऊ नये. लहान गावात ते सायंकाळच्या आत चालकाच्या ओसरीवर पोहोचलेले असते.