गाठी दिसू द्या

 

विणकरांच्या सभेत अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी आपली रीत आहे. सुताचे भाव, बंद पडलेले माग, सगळं छापील अहवालात आहे. खामगावची कापसाची पेठ एके काळी वऱ्हाडात सर्वांत मोठी होती, १८७० साली जलंबहून तिथवर रेल्वेचा फाटा आला, यावर कालच्या सत्रात चांगलं बोलणं झालं. मी त्यात भर घालणार नाही. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बोलायला मी बरीच वर्षं थांबले आहे.

आपल्या प्रदर्शनांच्या नियमपत्रिकेत एक ओळ असते. वस्त्र नव्या मालाचं असावं, वापरलेलं कापड चालणार नाही. ही ओळ काढून टाका.

मेहकरकडची एक बाई माझ्याकडे मागावर शिकायला यायची. तिचं तान्हं मूल गेलं होतं. एक दिवस तिने गाठोडं आणलं. त्यात कुंची होती, झबली होती, आणि तिचं बाळंतपणातलं लुगडं. चिंध्यांचा बाणा भरायचा तर आधी पट्ट्या फाडाव्या लागतात. लुगड्याची पट्टी पार नऊ वार निघते, कितीतरी वेळ जोड द्यावा लागत नाही. झबल्याची पट्टी जेमतेम वीतभर. दर वितीला गाठ. तिने सुताच्या ताण्यावर आधी लुगडं भरलं, तो भाग सलग, सपाट आला. मग झबली सुरू झाली आणि गाठीच गाठी उठल्या. गाठ मागच्या अंगाला घालता येते, तिलाही ते येत होतं. तिने एकूण एक गाठ वर ठेवली. कुंचीची शेवटची पट्टी संपली तिथे विणणं थांबवलं. ताणा बराच शिल्लक होता, तो मोकळाच सोडला.

ते वस्त्र एका प्रदर्शनाला पाठवलं. शेरा आला: सफाई नाही, गाठी दिसतात, काम अपुरं, जुनं कापड.

कला की कारागिरी, हा वाद आपण दर वेळी घालतो. कालही दोन तास गेले. माझ्यापुरता तो त्या शेऱ्याने मिटला. परीक्षकांना जे अपुरं वाटलं ते त्या मुलाच्या आयुष्याइतकंच लांब होतं. दुसरा वाद, चिंध्यांचं काम हातमागात धरायचं की गोधडीबरोबर शिवणकामात टाकायचं, त्यावर तर मला वेळही घालवायचा नाही. ताणा आहे, बाणा आहे, बाईचा हात आहे. आणखी काय हवं?

जुन्या कापडाला विरोध स्वच्छतेच्या नावाने होतो. मला तो खरा वाटत नाही. त्याखाली विटाळ आहे. दूध सांडलेलं, घामाने विरलेलं, बाळंतपणातलं रक्त पाहिलेलं कापड आपल्याला भिंतीवर नको असतं. पण जन्मलेल्या बाळाला आपण पहिल्यांदा आजीच्या मऊ, जुन्या लुगड्यातच गुंडाळतो ना? त्या कोवळ्या अंगाला जे चालतं ते तुमच्या दालनाला का चालू नये?

दुःख नजरेआड ठेवायची ही सवय कापडापुरती नाही. आपण बुलढाणा जिल्ह्यात, जिजाऊंच्या सिंदखेडराजाच्या मुलखात बसलो आहोत. १२ जानेवारीला, जयंतीला, त्यांचा जयजयकार होतो, व्हायलाच हवा. पण १६२९ साली दौलताबादेत त्यांचे वडील लखुजी जाधव आणि भाऊ मारले गेले, पुढे थोरला मुलगा संभाजी कनकगिरीला पडला, हे किती भाषणांत येतं? आईपण आपल्याला विजयाचंच लागतं. आणि घरोघरच्या ट्रंकांचं काय? शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली केंद्राने विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यांत आपला जिल्हा होता. कापूस पिकवणाऱ्याचा सुती सदरा त्याच्या बायकोने ट्रंकेत जपून ठेवला आहे. तो मागावर आणायला तिला आपली नियमपत्रिका मनाई करते.

बाहेर जुनं कापड आणि उघड्या गाठी कधीच मान्य झाल्या आहेत. पॅरिसमध्ये जन्मलेल्या लुईझ बूर्ज्वा या शिल्पकर्तीच्या आईवडिलांचा जुन्या टॅपेस्ट्री, म्हणजे चित्रं विणलेली वस्त्रं, दुरुस्त करण्याचा व्यवसाय होता. नव्वदी गाठल्यावर, २००२ साली, तिने स्वतःच्या लग्नातल्या रुमालांचं एक कापडी पुस्तक केलं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ते आहे. तिथे तिला कोणी विचारलं नाही की बाई, कापड नवं आहे का? मुंबईत जन्मलेल्या शिल्पकार मृणालिनी मुखर्जींनी मागाशिवाय, नुसत्या गाठी मारून तागाच्या दोरांतून माणसाएवढी शरीरं उभी केली. त्यांच्या गाठी जगाने पाहिल्या. मेहकरच्या बाईच्या गाठींना आपण गुण कापतो.

करायचं काय, ते थोडक्यात सांगते. पुढच्या प्रदर्शनात वापरलेल्या कापडाचं वेगळं दालन असावं. कापड कोणाचं, विणलं कोणी, याची वही असावी, बाई सांगेल तेवढंच त्यात लिहावं. बक्षीस ठेवायचं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अशा कामाला पहिला-दुसरा नंबर द्यायला मन घेत नाही. खर्चाचं कार्यकारिणीने पाहावं.

संध्याकाळच्या बैठकीत नव्या नियमपत्रिकेचा मसुदा येणार आहे. ती ओळ त्यात असेल तर त्यावर माझी सही मिळणार नाही.