झडप अरुंद का झाली?

लेण्याद्रीच्या गणपतीला जायचं तर 300 च्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरी पायांना त्याचं काही वाटत नाही. पण गेल्या वर्षी सरळ वर गेलेली चाळिशीची बाई यंदा निम्म्यातच धापा टाकत बसते, तेव्हा घरचे म्हणतात, ‘दमा असेल.’ दोष कधी कधी हृदयाच्या झडपेत असतो.

हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप एरवी 4 ते 6 चौरस सेंटीमीटर उघडते. ती दीडपर्यंत आली की आजार गंभीर. चढावर नाडी वाढते, दोन ठोक्यांमधली उसंत घटते. अरुंद दारातून रक्ताला पुढे सरकायला वेळ पुरत नाही आणि ते फुप्फुसांत तुंबतं.

आपल्याकडे याचं नेहमीचं कारण म्हणजे लहानपणी घसा दुखून नंतर आलेला सांधेदुखीचा ताप. डॉक्टर आधी तोच धरतात, आणि बहुधा ते बरोबर ठरतं. पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे.

मिक्सोमाचंच पाहा. डाव्या कप्प्यात देठाला लोंबकळणारी ही मऊ गाठ झडपेच्या तोंडाशी येऊन अडते. आवाज थेट अरुंद झडपेसारखा, पण कूस बदलली की बदलणारा. सोबत बारीक ताप, घटतं वजन. इथे फुग्याने झडप रुंदावायला जावं तर गाठीचा तुकडा सुटून मेंदूत जाण्याची भीती. पूर्वी अशा गाठी बहुधा शवविच्छेदनातच सापडत. स्वीडनमध्ये 1953 साली एडलर आणि हर्ट्झ या संशोधकांनी ध्वनिलहरींनी हृदय पाहिलं. त्यातूनच पुढे आला आजचा टू-डी इको. त्यात ही गाठ डोलताना दिसते. शस्त्रक्रियेने ती काढली की रुग्ण बहुधा पूर्ण बरा होतो.

दुसरं कारण बाळाच्या दुपट्यावर दिसतं. अल्काप्टोन्यूरिया या आनुवंशिक आजारात लघवी उघड्यावर राहिली की काळी पडते. चाळिशीनंतर पाठ-गुडघे धरतात, कानाची पाळी निळसर होते आणि महाधमनीची झडप ताठरते. डॉक्टर गॅरड यांनी 1902 मध्ये नोंदवलं, की असे रुग्ण अनेकदा चुलत-मामे भावंडांच्या लग्नातून जन्मलेले असतात. मामाची मुलगी करणाऱ्या आपल्या समाजाने हे ध्यानात ठेवावं.

चेहरा एकाएकी लालबुंद होणं आणि सतत जुलाब यांमागे आतड्यातली कार्सिनॉइड गाठ असू शकते. ती उजव्या झडपा आखडवते. कॅन्सरसाठी छातीवर घेतलेले शेक वीस वर्षांनीही झडपेवर उमटतात.

म्हणून श्रोतेहो, घोडेगावला, मंचरला किंवा पुण्याला तपासायला जाल तेव्हा जुने कागद, शेक घेतल्याची चिठ्ठी, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. कुशीवर दम वाढतो का, लघवी काळी पडते का, हे न लाजता सांगा. आणि इको झाला का, हे नक्की विचारा.