कळफलकावरची टिकली

(हीरक महोत्सवी वर्षात शिक्षक-पालक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पोलाद कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातून भिलाईत आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी या हिंदी मुलखात मराठी शाळा जपली ती एका हट्टापायी: मुलांनी मराठी स्वतःच्या हाताने लिहावी. आज आपल्या आठवीत एक अंध विद्यार्थिनी आहे. तोच हट्ट तिच्यासाठीही धरायचा की नाही, एवढाच माझा विषय आहे.

परीक्षेत लेखनिक मिळणे हा तिचा हक्क आहे आणि तो राहीलच. परंतु इथला लेखनिक बहुधा हिंदीत वाढलेला असतो. ती ‘बाळ’ म्हणते, कागदावर ‘बाल’ उतरते. ऱ्हस्व-दीर्घ तर सर्वस्वी लेखनिकाच्या मर्जीवर. मग ते गुण कुणाचे मानायचे?

यावरचा उपाय शाळेतल्या लॅपटॉपमध्येच आहे. मायकेल करन आणि जेम्स टे या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी 2006 मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो आणि मराठीही वाचतो. अडचण येते ती कळफलकाची. या कार्यक्रमाच्या बहुतेक आज्ञा इन्सर्ट ही कळ दाबून द्यायच्या असतात. लॅपटॉपवर ती कोपऱ्यात, कधी दुसऱ्याच कळीत दडलेली असते. म्हणून सेटिंगमध्ये ‘लॅपटॉप’ मांडणी निवडून ते काम कॅप्स लॉककडे सोपवावे. डाव्या करंगळीला ती सहज सापडते. कॅप्स लॉकचे मूळ काम हवे असेल तर तीच कळ लागोपाठ दोनदा दाबावी. एनव्हीडीए कळ आणि 1 एकत्र दाबले की कोणतीही कळ दाबा, संगणक फक्त तिचे नाव सांगतो, बाकी काही घडत नाही. नव्या मुलाने पहिला आठवडा यातच घालवावा.

आता टिकल्यांविषयी. उत्साही मंडळी प्रत्येक कळीवर काहीतरी चिकटवतात. सगळेच उंच झाले की बोटाला काहीच उंच लागत नाही! एफ आणि जे या कळांवर मुळातच बारीक उंचवटे असतात. शेजारच्या कळा तेथून मोजता येतात. खूण हवी फक्त कॅप्स लॉकवर आणि खाली जाणाऱ्या बाणावर, कारण लॅपटॉपचे बाण अर्धवट आकाराचे आणि एकमेकांना खेटून असतात. मखमली टिकली चालते. नखरंगाचा वाळलेला थेंब अधिक टिकतो. धुळीच्या भीतीने घातलेले रबरी आवरण मात्र काढून ठेवावे. त्याखाली तेच दोन उंचवटे बुजतात.

मराठीसाठी इनस्क्रिप्ट मांडणीच शिकवावी, हे माझे ठाम मत आहे. तिच्यात स्वरचिन्हे डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला आहेत. ऱ्हस्व इकार एफवर, म्हणजे थेट उंचवट्यावर. दीर्घ ईकार त्याच्या वरच्या ओळीत. ऱ्हस्व उकार शेजारच्या जीवर, दीर्घ ऊकार त्याच्याही वर. डोळस मुले वेलांटी पाहून शिकतात, ही मुलगी बोट वर न्यायचे की जागीच ठेवायचे यावरून शिकेल. जेवर ‘र’ आहे, शिफ्टसह ‘दुसऱ्या’तला ‘ऱ’. ‘ल’च्या कळीवर शिफ्ट दाबले की ‘ळ’. लेखनिकाकडून हरवणारा ‘ळ’ असा तिच्या हाती येतो.

शिक्षकांनाही यात एक काम आहे. आपल्या भागात कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकन करण्याची सवय फार. तो मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. स्क्रीन रीडर ती तशीच, निरर्थक वाचतो. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्येच टंकित झाली पाहिजे. छापील कागदाचे छायाचित्रही चालणार नाही.

येत्या घटक चाचणीत मराठीचा निबंध ती लॅपटॉपवर स्वतः लिहील. लेखनिक शेजारच्या खोलीत, बोलावल्यास येईल. शुद्धलेखनाच्या चुका तिच्या असतील आणि गुणही इतरांसारखेच कापले जातील. तिची तशी मागणीच आहे. टिकल्यांचे पाकीट कार्यालयात ठेवले आहे. ज्यांच्या घरी किंवा शेजारी असे मूल असेल, त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर लॅपटॉप घेऊन यावे.